सेल्फ मारला की संगणक मरतो

‘गाडीत छोटा संगणक बसवलाय. नकाशे, गाणी, सगळं झकास चालतं. पण सेल्फ मारला की तो बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. बॅटरी बदलू का?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. एवढ्यात बदलू नका. दोष द्यायचाच तर चार्ल्स केटरिंगला द्या.

हा माझा लाडका माणूस. मोटारींचा विषय निघाला की फोर्डसाहेबांची आरती होते, केटरिंगला मात्र प्रसादही मिळत नाही. त्या काळी इंजिन सुरू करायला पुढून हँडल मारावं लागे. ते उलटं फिरलं की मनगट गेलंच. यासाठी विजेची मोटर वापरायची, तर ती गाडीत मावायची नाही, अशी समजूत होती. केटरिंगने पूर्वी डेटनच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत गल्ल्याच्या यंत्राला मोटर जोडली होती. काम क्षणभराचंच असेल, तर छोट्या मोटरवर तेवढ्यापुरता अचाट भार टाकला तरी ती जळत नाही, हे त्याला ठाऊक होतं. हीच युक्ती घेऊन १९१२च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ-स्टार्टर आला. आपल्याकडे त्याचा नुसता ‘सेल्फ’ उरला.

ती क्षणभराची हाव आजही तशीच आहे. बॅटरीवर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं, पण तो आकडा नावापुरता. सहा घरांची भरलेली बॅटरी १२.६ दाखवते, इंजिन चालू असताना १४च्या आसपास. सेल्फ मारला, की १००-२०० अँपियर एकदम ओढले जातात आणि व्होल्टेज १०च्या खाली घसरू शकतं. बॅटरी थकलेली असेल तर आणखी खाली. दिव्याची ज्योत मंदावते, संगणकाचा प्राणच जातो.

यावर ‘इन्व्हर्टर लावा’ हा सल्ला हमखास मिळतो. हा निव्वळ द्राविडी प्राणायाम! १२चे २३० करायचे आणि संगणकाच्या पॉवर सप्लायने पुन्हा त्यांचे १२, ५ आणि ३.३ करायचे. दोन्ही टप्पे ८५ टक्के कार्यक्षम धरले, तरी २८ टक्के वीज नुसती उष्णतेत जाते. त्यापेक्षा ६ ते २४ व्होल्टपर्यंत काहीही आलं तरी चालवून घेणारा गाडीसाठीचा डीसी-डीसी पॉवर सप्लाय घ्या.

मात्र वायर जाड हवी. १२० वॉटला घरी अर्धा अँपियर पुरतो, गाडीत १० लागतात. बारीक वायर टाकली तर व्होल्ट वाटेतच खर्च होतात. फ्यूज बॅटरीला लागूनच बसवा. तो संगणकासाठी नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो.

खरी मेख आहे तिसऱ्या वायरीत. एक बॅटरीला, एक बॉडीला आणि तिसरी इग्निशनला. किल्ली काढल्याची वर्दी हीच देते. मग सप्लाय संगणकाला आवराआवर करायला वेळ देतो आणि नंतर वीज पुरती तोडतो. ही वायर टाळून संगणक नुसता झोपवून ठेवलात आणि तो अर्धा अँपियर घेत राहिला, तर दिवसाला १२ अँपियर-तास जातात. ४५ची बॅटरी चार दिवसांत कोरडी. मग सेल्फ हूं की चूं करणार नाही, आणि हँडल मारावं म्हटलं, तर आजच्या गाडीला ते घालायला भोकही नाही.