सलीम अली पक्षी अभयारण्य, चोडण

गोवा राज्याच्या तिसवाडी तालुक्यातील, मांडवी नदीच्या खाडीत वसलेल्या चोडण बेटाच्या पश्चिम टोकावरील कांदळवनाचे संरक्षित क्षेत्र. क्षेत्रफळ १७८ हेक्टर. गोव्यातील अभयारण्यांत ते सर्वांत लहान आहे. १९८८ मध्ये त्याची स्थापना झाली व पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली (१८९६–१९८७) यांचे नाव त्यास देण्यात आले. पणजीजवळच्या रायबंदर धक्क्यावरून फेरीबोटीने काही मिनिटांत बेटावर उतरता येते. उतरण्याच्या धक्क्यालगतच अभयारण्याची वाट सुरू होते.

येथील भेटीची वेळ घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर ठरते. भरती असताना लहान होडी वनातील आतल्या ओहोळांत शिरू शकते. ओहोटीला ती चिखलात रुतते. मात्र पाणी ओसरल्यावरच गाळाची पृष्ठे उघडी पडतात व त्यांवरील जीवसृष्टी दिसू लागते. स्थलांतरित पक्ष्यांसाठी ऑक्टोबर ते मार्च हा काळ सोयीचा आहे.

गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो व खाऱ्या पाण्यात सामान्य वृक्ष तगत नाहीत. या दोन्ही अडचणींवर कांदळवनातील जाती निरनिराळ्या मार्गांनी मात करतात. तिवराची श्वसनमुळे पेन्सिलीसारखी गाळातून वर येऊन हवा घेतात, तर कांदळाची कमानदार आधारमुळे खोडाला तोलून धरतात. तिवर पानांवाटे मीठ बाहेर टाकतो. उन्हात त्याच्या पानावर मिठाचे बारीक कण चकाकतात. कांदळ बहुतांश मीठ मुळांपाशीच अडवितो. त्याचे बी फळ झाडावर असतानाच रुजते आणि लांबट, शेंगेसारखे रोप खाली पडून गाळात रोवले जाते किंवा पाण्याबरोबर दूर वाहून जाते. चिपी, मारांडी, काजळा, हुरा इत्यादी जातीही येथे आहेत.

बगळे, पाणकावळे व खंड्याच्या अनेक जाती येथे आढळतात. पांढऱ्या गळपट्ट्याचा खंड्या हा भारतात मुख्यतः पूर्व किनाऱ्यावर व अंदमानात दिसणारा पक्षी असून पश्चिम किनाऱ्यावर तो मोजक्याच ठिकाणी आढळतो. त्यांत या खाडीचा समावेश होतो. गाळावर निवट्या उड्या मारताना व एक नांगी अवाजवी मोठी असलेले खेकडे बिळांतून ये-जा करताना दिसतात. कोल्हे व पाणमांजरेही येथे आहेत. जवळच्या कुंभारजुवे कालव्यातील गोड्या पाण्याच्या मगरी निमखाऱ्या पाण्याला सरावल्या आहेत.

या वनाचा विचार खाजणशेती वगळून करता येत नाही. खाजण म्हणजे खाडीकाठची, भरतीच्या पातळीहून सखल व बांध घालून लागवडीखाली आणलेली जमीन. चिखलमाती, पेंढा व जांभा दगड यांचे हे बांध पूर्वी गावकारीच्या देखरेखीखाली असत. बांधातील मानस नावाची लाकडी झडप भरतीच्या दाबाने आपोआप मिटते व ओहोटीला उघडून शेतातील पाणी बाहेर सोडते. पावसाने मातीतील मीठ धुऊन गेले, की खारेपणा सोसणारे कोरगूट भात लावतात. मानसीपाशी जाळे लावून केलेली मासेमारी हे या व्यवस्थेचे दुसरे उत्पन्न होय. बांधाबाहेरील तिवर-कांदळाची रांग लाटांचा मारा झेलीत असल्याने शेतकऱ्यालाही ती हवीच असते. १९६४ च्या कूळकायद्यानंतर जमीन कुळांकडे आली, पण सामुदायिक देखभालीची जुनी शिस्त ढिली झाली. मांडवीतून लोहखनिज वाहून नेणाऱ्या बार्जेसच्या लाटांनी बांध खचतात, अशीही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे.

बांध फुटून खारे पाणी आत शिरले, की त्याबरोबर आलेली रोपे शेतात रुजतात व काही वर्षांत तेथे वन उभे राहते. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने कांदळवनांना सर्वाधिक संरक्षित वर्गात घातले. त्यामुळे अशी झाडे काढून शेत पूर्ववत करणे दुर्घट झाले. गोव्यातील कांदळवनाच्या क्षेत्रात अलीकडच्या दशकांत जी वाढ दिसते, तिचा काही भाग अशा पडीक खाजणांतून आलेला आहे. वनखात्याच्या नोंदीत ती जमेस धरली जाते. कुळाच्या हिशेबात ती तूट असते. अभयारण्याबाहेर, जेथे बांधांची डागडुजी वेळेवर होते, तेथे आत भात व बाहेर कांदळ ही जुनी रचना चोडणवर अद्याप पाहावयास मिळते.