ठळक कोनाकृती मुद्राक्षरे

भित्तिपत्रके, वेष्टने, ग्रंथांची मुखपृष्ठे, वृत्तपत्रीय शीर्षके व पाट्या यांसाठी वापरला जाणारा, जाड रेषांचा आणि वक्रांऐवजी सरळ रेषा व कोन यांनी बांधलेला मुद्राक्षरांचा प्रकार. सलग वाचावयाच्या मजकुरासाठी तो योजलेला नसतो. एकदोन शब्द दुरून नजरेत भरावेत, एवढेच त्याचे कार्य होय. त्यामुळे अक्षराचे वजन, त्याचा बाह्याकार व त्याच्या पोटातील पांढरी जागा यांना येथे विशेष महत्त्व येते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये व्यापारी जाहिराती वाढल्या, तेव्हा ग्रंथमुद्रणाची नाजूक अक्षरे अपुरी पडू लागली. व्हिन्सेंट फिगिन्स याने १८१५ च्या सुमारास चौकोनी पायांची जाड अक्षरे प्रचारात आणली. १८१६ मध्ये चौथा विल्यम कॅझलन याच्या नमुनापुस्तकात पायविरहित अक्षरे आली. मोठ्या आकाराचे धातूचे खिळे जड व महाग पडत. त्यावर न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्स याने १८२७ मध्ये यंत्राने लाकडी अक्षरे कोरण्याचा उपाय काढला आणि भित्तिपत्रकांची मुद्राक्षरे हवी तेवढी मोठी झाली. गोल अक्षरांचे कोपरे छाटून ती अष्टकोनी करण्याची पद्धतही त्या शतकात रुळली. अमेरिकेतील खेळाडूंच्या पोशाखांवर ती आजही दिसते. जाड कापडातून वक्रापेक्षा सरळ कड कापणे सोपे, हे त्यामागील साधे कारण.

या प्रकाराचा सर्वांत विचारप्रवर्तक नमुना म्हणजे रूडोल्फ कोख (१८७६–१९३४) याची ‘नॉइलांट’ ही मुद्रा. ऑफेनबाख येथील क्लिंगश्पोर ओतशाळेने ती १९२३ मध्ये प्रसिद्ध केली. कोखने आधी आराखडे न काढता ठसे थेट धातूत कोरले. साहजिकच प्रत्येक आकारमानातील अक्षर थोडे निराळे झाले आणि हत्याराच्या घावाचा जोम त्यात टिकला. तीत केवळ मोठी रोमन अक्षरे आहेत. पारंपरिक जर्मन कृष्णाक्षरांचे ओज आधुनिक वळणात आणणे हा तिचा उद्देश होता. परंतु अमेरिकेत ती साहस, जंगल आणि ‘आदिम’ आफ्रिका यांचे चिन्ह बनली. अक्षराच्या घडणीत असे काहीही नव्हते. जाहिरातदारांच्या पुनरुक्तीने तो अर्थ तिला चिकटला व पुढे त्यावर टीकाही झाली.

जर्मनीत याहून गंभीर प्रकार घडला. एरिख मायर याने आखलेली ‘टानेनबर्ग’ (१९३३–३५) व तिच्या वर्गातील इतर कोनीय मुद्रा नाझी राजवटीत राष्ट्रीय म्हणून मिरवल्या गेल्या. अक्षरजुळारी त्यांना उपहासाने लष्करी बुटांची उपमा देत. पुढे ३ जानेवारी १९४१ च्या परिपत्रकाने त्याच राजवटीने कृष्णाक्षरे ‘ज्यू’ ठरवून वर्ज्य केली. हे कारण ऐतिहासिक दृष्ट्या निराधार होते. तरीही युद्धोत्तर काळात या मुद्रांवरील डाग गेला नाही.

आरेखनाच्या दृष्टीने हा प्रकार दिसतो तितका सोपा नाही. सारख्या जाडीच्या आडव्या व उभ्या रेषांपैकी आडवी डोळ्यांस अधिक जाड भासते, म्हणून ती किंचित बारीक करावी लागते. दोन तिरप्या रेषा मिळतात तेथे काळेपणा साचतो व छपाईत शाई भरते. तो सांधा आतून कोरून हलका करतात. टोकदार माथ्याचे अक्षर ओळीबाहेर थोडे न्यावे लागते, नाहीतर ते आखूड दिसते.

देवनागरीत अडचणी वाढतात. शिरोरेषेमुळे शब्द आधीच एक सलग पट्टा बनतो. वर-खाली मात्रांना जागा ठेवल्याने अक्षराच्या मुख्य भागास उंची कमी मिळते. या लहान जागेत जाड रेषा बसवताना अर्थभेदक खुणाच प्रथम लोपतात. ‘ब’ च्या पोटातील तिरपी रेघ बुजली की तो ‘व’ होतो. ‘भ’ व ‘म’, ‘ध’ व ‘घ’ या जोड्यांतील भेद डावीकडील गाठीवर आणि शिरोरेषेतील लहानशा खंडावर अवलंबून असतो. तो खंड भरला गेल्यास वाचक फसतो. ‘ख’ चा ‘रव’ होणे हा तर जुनाच दोष. रोमन ठळक मुद्रेची नक्कल करून देवनागरी घडविणारे येथेच चुकतात. बोरूच्या तिरप्या कापातून देवनागरीला मिळालेले नैसर्गिक कोन आधाराला घेतले, तर अक्षर जाड होऊनही ओळखू येते.

मराठीत ठळक शीर्षकाक्षरांची परंपरा खिळ्यांपेक्षा हाताने रेखाटलेल्या अक्षरांतून अधिक वाढली. चित्रकाराने शीर्षक काढावे व त्याचा जस्ताचा ठसा करून छापावे, ही पद्धत वृत्तपत्रांत दीर्घकाळ होती. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांची नावे अशी रेखाटली, की अक्षराच्या वळणावरून नाटकाच्या प्रकृतीचा अंदाज यावा. संगणकीय मुद्राक्षरांच्या काळात ही उणीव काहीशी भरून निघाली. इंडियन टाइप फाउंड्रीच्या ‘तेको’ (२०१४) या मुद्रेत देवनागरी व रोमन अक्षरे चौकोनी बांधणीत एकत्र घडविलेली असून ती मुक्तपणे वापरता येते.