देव अंगात आणणारा भामटा

‘द स्पिरिच्युअल बॉक्सर’ हा 1975 चा हाँगकाँगचा चित्रपट चीनमधील चिंग राजवटीच्या अखेरच्या काळात घडतो. अंगात देव संचारला की शस्त्राने इजा होत नाही, अशी तेव्हाच्या बॉक्सर बंडखोरांची श्रद्धा होती. चित्रपटातला तरुण नायक याच श्रद्धेवर पोट भरतो: देव अंगात आल्याचे सोंग वठवून तो भोळ्या गावकऱ्यांकडून पैसे उकळतो. खऱ्या गुंडांशी गाठ पडते तेव्हा मात्र सोंग पुरत नाही, मुठीच चालवाव्या लागतात. लाउ कार-लेउंग यांचे हे पहिलेच दिग्दर्शन. त्याआधी ते शॉ ब्रदर्स या चित्रपटसंस्थेच्या चित्रपटांतील मारामाऱ्या बसवत. नायक वाँग यू यांनी रंगवला. जॅकी चॅनच्या 1978 मधल्या ‘ड्रंकन मास्टर’च्या तीन वर्षे आधी इथे कुंगफू आणि विनोद फार सुंदर जुळले आहेत.