सदोमचे पाप कोणते?

समलैंगिकतेचा विषय निघाला की ख्रिस्ती मंडळीत एक वाक्य हमखास ऐकू येते: देवाने सदोम जाळले ते याच पापासाठी. पाळक ते व्यासपीठावरून सांगतात, आईबाप मुलांना सांगतात आणि चर्चची पायरी कधी न चढलेले लोकही बायबलचे मत म्हणून तेच सांगतात. बायबल उघडून तपासावे, असे मात्र फार थोड्यांना वाटते. उत्पत्तीच्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय दहा मिनिटांत वाचून होतो. इतक्या थोड्या मजकुराविषयी इतका मोठा गैरसमज इतकी शतके टिकावा, याची चीड येते, कारण त्याची किंमत जिवंत माणसे मोजत आली आहेत.

कथा अशी आहे. दोन परके प्रवासी संध्याकाळी सदोमच्या वेशीपाशी येतात. ते देवदूत आहेत हे गावाला ठाऊक नाही. गावात उपरा असलेला लोट त्यांना आग्रहाने घरी नेतो. रात्री गावातले तरुण-म्हातारे झाडून सगळे पुरुष घराला वेढा घालतात आणि पाहुण्यांना बाहेर काढ म्हणतात. मागणी लैंगिक आहे. डेरिक शेर्विन बेली या अँग्लिकन अभ्यासकाने १९५५ साली ती तशी नसल्याचे मांडले होते, पण ते पटत नाही, कारण लोट त्या जमावापुढे स्वतःच्या मुली देऊ करतो. मात्र जमावाने घराला वेढा घालून परक्यांवर बलात्कार करू पाहणे याला समलैंगिकता म्हणायचे असेल, तर शब्दांना अर्थच उरत नाही. अख्खे गाव समलैंगिक होते असे मजकूर म्हणत नाही. दाराशी आलेल्या परक्याची विटंबना करून त्याला त्याची जागा दाखवणारे गाव तेवढे दिसते. शिवाय नाशाचे कारण त्या रात्री घडलेले नाही. सदोमविरुद्ध उठलेला आक्रोश देवाच्या कानी गेल्याचा उल्लेख आदल्याच अध्यायात आहे, आणि पन्नास नीतिमानांपासून दहापर्यंत उतरत अब्राहामाने केलेली रदबदलीही तिथेच आहे.

शास्ते या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय शेजारी ठेवून वाचला की शंका उरत नाही. गिबा गावात लेवी वंशातला एक प्रवासी मुक्कामाला थांबतो, जमाव तसाच जमतो आणि मागणीही तीच करतो. फरक इतकाच की लेवीच्या उपपत्नीला बाहेर ढकलले जाते, रात्रभर तिच्यावर अत्याचार होतात आणि ती मरते. या कथेवरून कुणी स्त्री-पुरुष संबंध पाप ठरवले नाहीत. हिंसा सगळ्यांना हिंसा म्हणूनच दिसली. मग सदोमला निराळी फूटपट्टी का?

बायबलमधल्या संदेष्ट्यांनी सदोम कसे वाचले तेही पाहावे. यहेज्केल (१६:४९) सदोमचा अपराध नाव घेऊन सांगतो: गर्व, भरल्या पोटाचा निवांतपणा आणि दीनदुबळ्यांना हात न देणे. यशया यरुशलेमच्या अधिकाऱ्यांना सदोमचे अधिकारी म्हणतो आणि अनाथ-विधवांना न्याय द्या, असे बजावतो. येशू सदोमचे नाव घेतो (मत्तय १०) ते शिष्यांना थारा न देणाऱ्या गावांविषयी बोलताना.

आक्षेप आहेत, आणि ते टाळण्यासारखे नाहीत. यहेज्केल पुढच्याच वचनात 'अमंगळ कृत्य' म्हणतो आणि लेवीय पुस्तकात पुरुष-पुरुष संबंधांना तोच हिब्रू शब्द लावला आहे. खरे आहे, पण यहेज्केल हा शब्द मूर्तिपूजेसाठी आणि व्याजखोरीसाठीही वापरतो, त्यामुळे एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. यहूदाचे पत्र सदोमच्या लैंगिक अनाचाराविषयी बोलते, हेही खरे. तिथले ग्रीक शब्द मात्र 'निराळ्या देहा'मागे लागण्याविषयी आहेत, आणि आदल्या वचनात विषय देवदूतांचा आहे. म्हणून अनेक अभ्यासक त्याचा अर्थ माणसांनी देवदूतांची अभिलाषा धरणे असा लावतात. लेवीय आणि रोमकरांस पत्र यांतली वचने वेगळी आहेत. ज्यांना समलैंगिक संबंध निषिद्ध वाटतात त्यांनी त्या वचनांवर बोलावे; तो वाद प्रामाणिक आहे. सदोम त्यात साक्षीला आणता येत नाही.

मग हा अर्थ आला कुठून? पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फिलो याने सदोमचे पाप पुरुष-पुरुष संबंधांशी जोडले. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या कायद्यांनी दुष्काळ, भूकंप आणि रोगराईचे खापर अशा संबंधांवर फोडले. अकराव्या शतकात पीटर डेमियन या मठवासी साधूच्या लेखनाने 'सॉडमी' ही पापाची कोटी पक्की केली. १५६० साली गोव्यात आलेल्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, याच नावाच्या गुन्ह्याचे खटले चालवले. इंग्लंडमध्ये १५३३ साली अशा संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा झाला आणि त्याच परंपरेतून १८६० च्या दंडसंहितेतले कलम ३७७ भारतात आले. परस्परसंमतीच्या संबंधांपुरते ते रद्द व्हायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला.

बाकीचे गैरसमज थोडक्यात निपटता येतात. येशूने समलैंगिकतेचा निषेध केला असे म्हणतात. चारही शुभवर्तमानांत त्याचे या विषयावर एक वाक्यही नाही, अर्थात मौन म्हणजे संमतीही नव्हे. 'होमोसेक्शुअल' हा शब्द बायबलमध्ये आधीपासून आहे, हेही चूक: तो एकोणिसाव्या शतकात घडला आणि इंग्रजी बायबलमध्ये १९४६ साली आला. सगळ्या चर्चेसचे मत एकच आहे असे नाही. स्वीडनचे चर्च २००९ पासून समलिंगी विवाह लावते, कॅथलिक चर्च लावत नाही. पण कॅथलिक चर्चला समलैंगिकांना तुरुंगात पाहायचे आहे, हेही खोटे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ कायम ठेवले, तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी चर्च समलैंगिकांना गुन्हेगार मानत नाही असे जाहीरपणे सांगितले, आणि जानेवारी २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही तेच सांगितले. राहिला सर्वांत घातक समज, उपवास-प्रार्थनेने किंवा समुपदेशनाने हा कल बदलतो. हेच काम दशकानुदशके करणारी अमेरिकेतली एक्झोडस इंटरनॅशनल ही ख्रिस्ती संस्था २०१३ साली बंद झाली, आणि तिच्या प्रमुखांनी आपल्यामुळे दुखावलेल्यांची जाहीर माफी मागितली. भारतात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ पासून असे 'उपचार' हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. त्यासाठी मुलाला घेऊन येणाऱ्या आईबापांना नकार देणे हे आता डॉक्टरांचे कर्तव्य आहे.