अतिसार : जुलाब रोखावेत की पाणी भरून काढावे?

पावसाळ्याचे गढूळ पाणी विहिरी-ओढ्यांत उतरले की गावोगावी अतिसाराचे रुग्ण दिसू लागतात. मूल दिवसातून आठ-दहा वेळा शौचास जाऊ लागले म्हणजे आईवडिलांचा जीव कासावीस होतो आणि जुलाब तत्काळ थांबविणाऱ्या गोळीची मागणी होते. ही मागणी स्वाभाविक असली, तरी ती मुलाच्या जिवावर बेतू शकते.

आतड्याच्या भिंतीतील स्नायू लाटेसारखे आकुंचन पावून अन्नरस पुढे ढकलीत असतात. अफूने ही हालचाल मंदावते व मलावरोध होतो, हा अनुभव जुना आहे. लोपेरामाइड हे आधुनिक औषध आतड्यावर याच रीतीने कार्य करते. प्रौढांच्या साध्या अतिसारात त्याचा उपयोग होतो. परंतु ताप असल्यास वा शौचातून रक्त पडत असल्यास ते घेऊ नये, कारण रोगजंतू व त्यांचे विष आतड्यातच कोंडून राहते. लहान मुलांत तर आतड्यांची हालचाल पूर्णपणे थांबून पोट फुगण्याचा धोका असतो. पाकिस्तानात या औषधाच्या थेंबांनी काही अर्भके दगावल्यानंतर १९९० साली ते तेथील बाजारातून मागे घेण्यात आले.

मुख्य गोष्ट अशी की, अतिसारात मृत्यू ओढवतो तो बहुधा शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. हालचाल रोखणारे औषध ही तूट भरून काढीत नाही. मात्र जुलाब चालू असतानाही आतडे साखरेबरोबर मीठ व पाणी शोषून घेऊ शकते. याच तत्त्वावर १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ-साखरेचे पाणी पाजले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आणले.

म्हणून पालकांनी ओ. आर. एस.चे एक लिटरचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून मुलास घोटघोट पाजावे. पाकीट नसल्यास तेवढ्याच पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. अंगावरचे दूध व नेहमीचा आहार बंद करू नये. आरोग्यसेविकेच्या सल्ल्याने जस्ताच्या गोळ्या १४ दिवस द्याव्यात. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, पाणी पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त पडू लागले, तर क्षणाचाही विलंब न लावता त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. वाटेतही पिऊ शकत असेल तर पाणी पाजीत राहावे.