प्राथमिक शिक्षणाला घराचे साहाय्य : नामपूर परिसराच्या संदर्भात

प्राथमिक शाळेत शिकणाऱ्या बालकाला घरातून साहाय्य मिळाले पाहिजे, हे विधान इतके सर्वमान्य झाले आहे की त्याचा नेमका अर्थ काय, हे विचारण्याची आवश्यकता कोणास भासत नाही. पालकसभेत ते उच्चारले जाते, परिपत्रकांतून ते येते, आणि पालकही त्यास मान डोलावतात. परंतु साहाय्य करावयाचे ते कशाला, म्हणजे पहिल्या तीन-चार इयत्तांत मूल वस्तुतः काय शिकत असते, ह्याविषयीची कल्पना अस्पष्ट असेल, तर साहाय्याच्या नावाखाली घरात शाळेची नक्कल तेवढी सुरू होते. पाटीवर अक्षरे गिरवून घेणे, पाढे म्हणवून घेणे, ते न जमल्यास रागावणे, आणि तेही न साधल्यास शिकवणी लावणे, असा हा क्रम आहे. ज्या घरात लिहिणारे-वाचणारे कोणी नाही, त्या घराने तर आपल्यापाशी देण्याजोगे काहीच नाही असे गृहीत धरलेले असते. हे गृहीत कितपत खरे आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात नाशिक जिल्ह्यातील नामपूरच्या संदर्भात करावयाचा आहे.

नामपूर हे बागलाण तालुक्यातील मोसम नदीकाठचे बाजाराचे गाव. नदीच्या वरच्या अंगास हरणबारीचे धरण, खालच्या अंगास मालेगाव, आणि सभोवार कांद्याचा मुलूख. गावात कृषी उत्पन्न बाजार समिती असून तिच्या आवारात कांद्याचे लिलाव होतात. शिक्षणाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, हा सर्व टापू अहिराणीच्या क्षेत्रात मोडतो. ग्रिअर्सनने आपल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात १९०७ साली खानदेशीचा समावेश मराठीच्या खंडात न करता भिल्ल भाषांबरोबर केला होता. ते वर्गीकरण ग्राह्य मानावे की नाही हा वेगळा प्रश्न. पण अहिराणीचे अंतर केवळ ‘अशुद्ध मराठी’ ह्या शब्दांनी मोजता येणारे नाही, एवढे त्यावरून कळते. ‘मला’ ह्याऐवजी ‘माले’, ‘माझा’ ह्याऐवजी ‘मन्हा’, ‘घरात’ ह्याऐवजी ‘घरमा’ म्हणणारे मूल व्याकरणात चुकत नसते. ते दुसऱ्या व्याकरणाने बोलत असते. २०२५ साली पहिलीपासून हिंदी असावी की नसावी, ह्यावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला आणि जून महिन्याच्या अखेरीस शासनाने आपले निर्णय मागे घेतले. त्या वादात तिसऱ्या भाषेची चर्चा पुष्कळ झाली. परंतु बागलाणातील मुलाच्या बाबतीत पुस्तकी मराठी हीच अर्धीमुर्धी दुसरी भाषा आहे, ह्या गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

मातृभाषेतून शिक्षणाचे तत्त्व नवे नाही. युनेस्कोने १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात ते मांडले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शक्य तेथवर मातृभाषेचे माध्यम असावे असे म्हटले आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत ‘घरची भाषा’ असा शब्दप्रयोग केला आहे. मराठी माध्यमाच्या शाळेत ह्या तत्त्वाचे पालन आपोआप होते, अशी आपली समजूत आहे. नामपूरसारख्या ठिकाणी ती तपासून पाहावी लागते.

आता वाचनाचा विचार करू. देवनागरी शिकणे म्हणजे वर्णमाला पाठ करणे नव्हे. प्रत्येक व्यंजनाची बाराखडी हिशेबात घेतली तरी चारशेहून अधिक अक्षररूपे होतात, जोडाक्षरे निराळीच. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या वाचनाचा जो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला, त्यात अशा लिपीतील अक्षरांवर प्रभुत्व यावयास इंग्रजी वर्णमालेच्या तुलनेने बराच अधिक काळ लागतो व ही प्रक्रिया तिसरी-चौथीपर्यंत चालू राहते, असे आढळले. देवनागरीची घडण कन्नड लिपीसारखीच असल्याने तो निष्कर्ष आपल्यासही उपयोगी आहे. तेव्हा दिवाळीपर्यंत पहिलीच्या मुलाला ‘सगळी अक्षरे आली पाहिजेत’ ही पालकांची अपेक्षा लिपीच्या स्वभावाशीच विसंगत ठरते.

परंतु अक्षर ओळखणे हे अर्धेच काम. ओळखलेल्या अक्षरांतून जो ध्वनिसमूह उभा राहतो, तो मुलाच्या ओळखीच्या शब्दाशी जुळला तरच वाचन घडते. येथे बोलीचा प्रश्न प्रत्यक्ष उपस्थित होतो. अहिराणी बोलणाऱ्या अनेकांच्या तोंडी ‘ळ’ नसून त्याच्या जागी ‘य’ येतो : डोळा हा ‘डोया’ होतो, काळा हा ‘काया’, फळ हे ‘फय’. ‘ण’ च्या जागीही बहुधा ‘न’ येतो. पाणी हे ‘पानी’ होते. आता पुस्तकातील ‘फळ’ हा शब्द पाहून एखाद्या मुलीने ‘फय’ असे वाचले, तर काय घडले? तिने ‘फ’ ओळखला, ‘ळ’ ओळखला, शब्दाचा अर्थ तिच्या मनात उमटला, आणि तो अर्थ तिने आपल्या घरच्या उच्चाराने प्रकट केला. अर्थ न कळता केवळ अक्षरास अक्षर लावणाऱ्या मुलाच्या तोंडून ‘फय’ निघणे संभवत नाही. म्हणजे ज्यास आपण चूक मानतो तो वस्तुतः आकलनाचा पुरावा होय. त्या क्षणी तिला थांबवून तीनदा ‘फळ’ म्हणवून घेतले, तर वाचन हे अर्थ शोधण्याचे काम नसून उच्चाराची परीक्षा आहे, एवढाच बोध ती घेते. पुढे पुढे ती मोठ्याने वाचण्याचेच टाळू लागते.

लेखनाची गोष्ट वेगळी आहे आणि हा भेद आपल्या शिक्षकप्रशिक्षणात पुरेसा स्पष्ट केला जात नाही. वाचताना अक्षराकडून ध्वनीकडे जावयाचे असते. ‘ळ’ दिसला की घरचा ‘य’, हा मार्ग निश्चित आहे. लिहिताना दिशा उलटते. घरच्या ‘य’ चा पुस्तकात कोठे ‘ळ’ होतो व कोठे ‘य’ च राहतो, हे उच्चारावरून कळण्याची सोय नाही. ‘काया’ म्हणजे काळा की देह, हे संदर्भानेच ठरते. तात्पर्य, वाचनात बोलीच्या उच्चाराला मुभा द्यावी आणि लेखनात मात्र ‘घरी असे, पुस्तकात असे’ ह्या जोड्या जाणीवपूर्वक शिकवाव्यात. हे दुसरे काम शाळेचे आहे. पालकांनी त्यासाठी घरात ओढूनताणून पुस्तकी मराठी बोलावयास लागण्याचे कारण नाही. तसे केल्याने घरातील बोलणे कमी मात्र होते, कारण परक्या भाषेत माणूस आज्ञा देऊ शकतो. गप्पा मारू शकत नाही. आणि ह्या वयात मुलाला गोष्ट, कारण, तुलना, अंदाज ह्यांची जी भाषिक शिदोरी लागते ती गप्पांतूनच मिळते. बोर्डी व पुढे कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी जे काम केले, त्यातही शाळेनेच मुलाच्या अंगणात व कुरणात जावे, अशी दिशा होती.

ह्या पायरीचे महत्त्व केवळ तात्त्विक नाही. ‘असर’ च्या देशव्यापी पाहणीनुसार शासकीय शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के, २०२२ मध्ये १६.३ टक्के आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के होते. करोनाकाळातील घसरण भरून निघाली, ही समाधानाची बाब खरी. तरी चारांपैकी तीन मुले त्या पातळीच्या खालीच आहेत. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर पायाभूत वाचन व गणन साध्य करण्यासाठी २०२६-२७ ही मर्यादा घातली, तिचा अर्थ ह्या आकड्यांच्या उजेडात समजून घ्यावा लागतो.

गणनाच्या बाबतीत मराठी मुलापुढे आणखी एक अडचण आहे आणि ती शहर-खेडे असा भेद करीत नाही. ‘एकवीस’ म्हणताना आपण एक आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. शिवाय दोनाचे ‘बावीस, बत्तीस, बेचाळीस, ब्याऐंशी’ असे नाना अवतार होतात, आणि एकोणतीस, एकोणचाळीस ह्या नावांत तर वजाबाकी दडलेली असते. नव्याण्णव मात्र ह्या रांगेतून फुटून निघते. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ नावांबरोबर ‘वीस एक’ अशी वाचनपद्धती देण्यात आली, तेव्हा गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांच्यावर टीकेची झोड उठली. दक्षिणेकडील भाषांत दशक आधी येतो, हे त्यांनी दाखवून दिले होते. नॉर्वेने तर १९५१ साली एकक आधी म्हणण्याची आपली जुनी रीत शासकीय निर्णयाने बदलली. भाषेवर हा आघात आहे, असे टीकाकारांचे म्हणणे होते. परंतु खेड्यातील निरक्षर वृद्ध स्त्रिया कसे मोजतात, हे आठवून पाहण्यासारखे आहे. ‘त्रेचाळीस’ हे नाव त्यांना ठाऊक नसते. त्या ‘दोन विसा नि तीन’ म्हणतात. मोठा गट आधी, उरलेले नंतर. पुस्तकातील ‘चाळीस तीन’ आणि आजीचे ‘दोन विसा नि तीन’ ह्यांचा साचा एकच आहे. गटाचा आकार तेवढा वेगळा. मुलास आजीपाशी बसवून शेंगा किंवा चिंचोके मोजावयास लावले, तर गट करणे व उरलेले सांगणे हे स्थानिक किमतीच्या मुळाशी असलेले तत्त्व त्याच्या हातात येते. त्यानंतर वीसांऐवजी दहांचे गट करावयास सांगणे हे शिक्षकाचे काम.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. व्यवहारातील गणित मुलाला आले की शाळेतील गणित आपोआप येते, असे मानण्याकडे आपला कल असतो. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचा अभ्यास नुनेस कॅराहर, कॅराहर व श्लीमन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केला. पाचच मुले, परंतु विक्रीच्या ओघात विचारलेल्या प्रश्नांपैकी ९८.२ टक्के उत्तरे बरोबर आली. तशीच उदाहरणे शाब्दिक रूपात दिली तेव्हा हे प्रमाण ७३.७ वर आणि नुसती आकडेमोड दिली तेव्हा ३६.८ वर आले. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘नेचर’ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व सहकाऱ्यांनी दिल्ली व कोलकाता येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयी जे संशोधन प्रसिद्ध केले, त्याने ह्यास दुजोरा दिला आणि उलट बाजूही दाखविली : शाळेत शिकणारी, पण बाजारात काम न करणारी मुले वहीतली उदाहरणे सोडवीत, पण बाजारातील साध्या हिशेबात अडखळत. दोन्ही ज्ञाने एकाच देशात, एकाच पिढीत, एकमेकांशेजारी आणि एकमेकांपासून अलिप्त असू शकतात. तेव्हा घराने व्यवहार द्यावा आणि शाळेने चिन्हे द्यावीत, एवढ्याने भागत नाही. दोहोंची गाठ कोणीतरी घालून द्यावी लागते.

महाराष्ट्रात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ ह्या शाळापूर्व तयारी अभियानात मातांचे गट करण्यात आले, आणि घरातील वस्तू वापरून करावयाच्या कृती त्यांना देण्यात आल्या. ही दिशा योग्य आहे. शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. पण त्यांच्या सभांतून खोल्या, पाणी, पोषण आहार ह्यांचीच चर्चा प्रामुख्याने होते, आणि मूल काय शिकते हा विषय शेवटच्या पाच मिनिटांत उरकला जातो. पालकाला प्रगतिपत्रकावरील श्रेणी सांगण्यापेक्षा ‘ह्या महिन्यात आम्ही गट करून मोजणे शिकवीत आहोत, तुम्ही चाळीतला कांदा निवडताना मुलाला एवढे विचारा’ असे सांगितले, तर ते त्याच्या आवाक्यातले असते. मोठा कांदा कोणता, गोल्टी कोणती, हे मुलाने ठरवावे आणि का ते सांगावे. सांगताना ते अहिराणीत सांगेल आणि तसेच सांगू द्यावे. अर्थात निवडणीसाठी मुलाला शाळेतून घरी ठेवून घेणे हे साहाय्य नव्हे, हे वेगळे सांगावयास नको. उन्हाळ कांदा निघतो तो काळ परीक्षेच्या जवळपासच येतो, आणि गैरहजेरीचा प्रश्न त्या दिवसांत खरा असतो.

चौथीच्या सुमारास ही गाठ घालण्याचे एक उत्तम साधन घरातच येऊन पडते, ते म्हणजे लिलावानंतर मिळणारी पट्टी. तिच्यावर वजन, भाव आणि रक्कम लिहिलेली असते. समजा, १८ क्विंटल ४० किलो कांदा १,२५० रुपये क्विंटलने गेला. वाचू न शकणारी आई हा हिशेब तोंडी करू शकते : अठरांचे साडेबावीस हजार, किलोला साडेबारा म्हणजे चाळीस किलोंचे पाचशे, मिळून तेवीस हजार. मुलाने पट्टी वाचून दाखवावी, आईने तोंडी रक्कम सांगावी, मग मुलाने तीच वहीत मांडून पाहावी. क्विंटलच्या भावावरून किलोचा भाव काढताना दोन घरे सरकतात, हे त्याच्या त्या वेळी ध्यानात येते आणि दशांश चिन्हाचा धडा सुरू होतो तेव्हा साडेबारा हा त्याच्या ओळखीचा असतो. शिक्षकाने अशी एखादी जुनी पट्टी, नावाचा भाग झाकून, वर्गात फळ्यावर उतरवली आणि आईची रीत व वहीतील रीत शेजारी शेजारी मांडली, तर अठरा नि चाळीस हे आईने वेगळे का केले, हा प्रश्न मुलेच विचारतात.