लाइन की हाफटोन?

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाच्या पन्नाशीनिमित्त निघालेल्या विशेषांकाची पाने मी लावली. जुन्या अंकांतली निवडक रेखाचित्रे पुन्हा छापायची, असे संपादकांनी ठरवले होते. कपाटातून अंकांचे गठ्ठे निघाले. मला वाटले होते, १९७८ च्या पिवळ्या, ठिसूळ पानांवरची चित्रे त्रास देतील आणि २००५ ची, तयार फाइल असलेली चित्रे चटकन बसतील. घडले उलटेच. १९७८ च्या पानावरची दौत-टाकाची रेघ स्कॅन केल्यावर काळीभोर, धारदार उमटली. २००५ च्या चित्राची फाइल मोठी केली, तर रेघेच्या दोन्ही कडांना राखाडी भुरका. छापील अंक उघडून पाहिला. तिथेही रेघ ठिपक्याठिपक्यांची झालेली. मूळ कागद तेव्हाच चित्रकाराकडे परत गेला होता. चित्रकार आता हयात नाहीत, आणि घरच्यांनी शोधूनही तो कागद सापडला नाही.

सत्तावीस वर्षांनी जुने असलेले चित्र शाबूत आणि नवे हरवलेले, हे कसे? उत्तर शोधताना मला आधी संगणकाच्या मागे जावे लागले.

आपण दिवाळी अंकांची परंपरा १९०९ सालच्या ‘मनोरंजन’पासून मोजतो. त्यानंतर कित्येक दशके मराठी छपाई मुख्यतः खिळ्यांची होती. चित्र छापायचे तर त्याचा ब्लॉक करावा लागे. ब्लॉकवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे : लाइन की हाफटोन? शाईचे रेखाचित्र असेल तर लाइन ब्लॉक. चित्राचा फोटो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा, पांढरा भाग आम्लाने खाऊ द्यायचा, काळी रेघ तेवढी उंच राहते. छायाचित्र असेल तर हाफटोन. छपाईयंत्राला करडा रंग ठाऊक नसतो. शाई लागते किंवा लागत नाही. म्हणून जाळीच्या काचेतून फोटो घेऊन करड्या छटांचे लहानमोठे ठिपके करायचे. डोळा ते ठिपके एकत्र करून छटा पाहतो. रेखाचित्राचा हाफटोन कोणी करत नसे, कारण जाळीने रेघेची धार तुटते.

ऑफसेट आले, ब्लॉक गेले, पण हा नियम बदललेला नाही. आजही करड्या छटेचे ठिपकेच होतात. चांगल्या कागदावर इंचाला सुमारे १५० ओळींची जाळी वापरतात आणि छायाचित्रात इंचाला त्याच्या दुप्पट, म्हणजे ३०० पिक्सेल असावेत असा संकेत आहे. रेखाचित्राला जाळीच नसते. त्याच्या कडेचा प्रत्येक खाचखळगा उघडा दिसतो, म्हणून ते इंचाला १२०० पिक्सेलने, निव्वळ काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करतात. आमची २००५ ची फाइल ६०० पिक्सेल रुंद होती. छायाचित्राच्या हिशेबानेसुद्धा ती दोन इंचांची. संगणकात ‘७२’च्या जागी ‘३००’ हा आकडा टाकता येतो; त्याने पिक्सेल वाढत नाहीत, चित्र फक्त लहान होते. पिक्सेल वाढवायला सांगितले, तर संगणक ते शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरतो.

पण खरा घात आकाराने नव्हे, प्रकाराने केला होता. ती फाइल जेपेग होती.

जेपेगच्या मुळाशी जे गणित आहे, त्याची कल्पना बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी १९७२ मध्ये मांडली. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने त्यासाठी अनुदान नाकारले, तरी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी १९७४ मध्ये ते प्रसिद्ध केले. १९९२ मध्ये जेपेगचे मानक ठरले, तेव्हा हेच गणित त्याचा कणा झाले. चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात उजेड-अंधार किती संथपणे आणि किती झपाट्याने बदलतो, हे वेगळे काढायचे. संथ बदल नीट जपायचे, झपाट्याचे बारीक बदल ढोबळ करायचे किंवा टाकून द्यायचे. चेहरा, आकाश, साडीचा पोत यांत डोळ्याला ही कपात सहसा जाणवत नाही. फाइल मात्र दहावा हिस्सा होऊ शकते.

आता शाईची रेघ घ्या. पांढऱ्यावरून एकदम काळे : रेघ म्हणजे झपाट्याचा बदलच. तो टाकला की कडेला लाटा उठतात आणि पांढऱ्यावर करडे कण सांडतात. करडे आले की छपाईत त्याची जाळी होते. आम्ही २००५ मध्ये न विचारता रेखाचित्राचा हाफटोन केला होता. शिवाय फाइल रंगीत होती. तशा फाइलची छपाईसाठी चार शाईंत फोड झाली, की काळी रेघ चार रंगांच्या मिश्रणाने बनते. प्लेट केसभर सरकली तरी तिला रंगीत किनार येते. प्रत्येक वेळी फाइल उघडून, बदल करून पुन्हा जेपेगमध्ये साठवली की थोडे आणखी गळते. आणि तीच फाइल नंतर टिफ म्हणून साठवली तर गळलेले परत येत नाही. जे उरले तेवढे नीट राहते.

टिफ हा छपाईच्या घरातला प्रकार. पेजमेकर करणाऱ्या आल्डस कंपनीनेच १९८६ मध्ये, वेगवेगळ्या स्कॅनरांना एक सामाईक प्रकार असावा म्हणून तो काढला. त्यात एकही पिक्सेल न गमावता चित्र ठेवता येते. पाच बाय सात इंचांचे रेखाचित्र १२०० ने, काळ्या-पांढऱ्यात घेतले तर सुमारे सहा एमबी होते. काहीही न टाकता दाबून साठवले की त्याहून पुष्कळ कमी. म्हणजे जागा वाचवण्यासाठी जेपेग केले, हे कारणही रेखाचित्रापुरते तकलादू आहे.

अंकाच्या नावाची सुलेखित अक्षरे मात्र पिक्सेलमध्ये ठेवूच नयेत. ती ईपीएससारख्या प्रकारात रेषांच्या सूचना म्हणून ठेवता येतात : इथून निघ, असे वळ, तिथे थांब. १९८४ मध्ये अडोबीने आणलेल्या पोस्टस्क्रिप्ट या भाषेची ही देणगी. तीच फाइल वाचनखुणेवर आणि चौकातल्या फलकावर सारख्याच धारेने छापते.

या सगळ्यांना पोटात घेऊन छापखान्यात जाते ती पीडीएफ, १९९३ ची. ती स्वतः काही सुधारत नाही. आत खराब जेपेग असेल तर खराबच छापले जाईल. तिचे मोठे काम अक्षरांचे. फॉन्ट तिच्यातच भरला नसेल, तर छापखान्याचा संगणक त्याच्याकडचा दुसरा लावतो. युनिकोडपूर्व मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. तो फॉन्ट नसला की अख्खी कविता इंग्रजी अक्षरांची कचराकुंडी होते. फॉन्ट भरलेला असेल तर पान बरोबर दिसते, पण त्यातला मजकूर शोधू गेले की आत तोच कचरा सापडतो. म्हणून अंकाची पीडीएफ जपली म्हणजे अंक जपला, असे मानून चालत नाही.

प्रत्येक प्रकार काय ठेवायचे आणि काय सोडायचे याचा निर्णय घेतो. जेपेग वाईट नाही. छायाचित्रांसाठी ते वरदान आहे. चूक झाली ती निर्णय कोणीच न घेतल्यामुळे. ब्लॉकवाल्याला प्रश्न विचारल्याशिवाय कामच सुरू करता येत नसे. ‘सेव्ह’ म्हटल्यावर संगणक मात्र काही न विचारता साठवून टाकतो.

त्या विशेषांकात २००५ चे चित्र आम्ही दोन इंच रुंदीत छापले. समोरच्या पानावर १९७८ चे चित्र पूर्ण पानभर होते. ज्यांनी पाहिले त्यांना वाटले, मांडणीच तशी आहे.

आता चित्रकाराचा फोन आला की मी आधी तोच जुना प्रश्न विचारतो : लाइन की हाफटोन? तरुण चित्रकार क्षणभर गोंधळतात. मग मी सांगतो, मूळ कागद माझ्याकडे पाठवा, स्कॅन मी करतो. आणि परत आलेला कागद जपून ठेवा.